नवी घटपर्णी: पिशवीत बांधून ठेवायची की थेट ग्रिलमध्ये?

कुरिअरने नेपेंथिस, म्हणजे घटपर्णी, घरी आली की लोक दोन मार्ग सुचवतात. पहिला, कुंडीसकट पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि मग रोज थोडं थोडं उघडत तिला घरच्या हवेची सवय लावायची. दुसरा, मॉसमध्ये (सुक्या शेवाळात) लावून, ऊन कुठे येतं ते बघून पहिल्याच दिवशी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायचं आणि तिचं तिला सावरू द्यायचं. मी दोन्ही प्रकारे झाडं रुळवली आहेत आणि दोन्हीकडे ती जगली आहेत. फरक पडतो तो नवीन पिचर (पानाच्या टोकाला येणारा, किडे पकडणारा घट) कधी धरतं यात, आणि तोवर आपल्या डोक्याला किती ताप होतो यात.

मी बोलतोय ते व्हेंट्राटासारख्या नर्सरीत सर्रास मिळणाऱ्या संकरित झाडांबद्दल, आणि थोडंफार खासियानाबद्दल. खासियाना ही भारतात फक्त मेघालयातल्या डोंगरांत सापडणारी जात. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तेव्हा रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घ्या. ‘खास जंगलातून आणलंय’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. सारासेनिया ही दुसऱ्या कुळातली घटपर्णी इथे धरलेली नाही. तिला हिवाळ्याची झोप लागते आणि मुंबईत ती कुठून आणायची?

पिशवीवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही. प्रवासात मुळं दुखावलेली असतात, पानं मात्र पाणी उडवतच असतात. हवा दमट ठेवली की पानांतून पाणी कमी जातं आणि मुळांना सावरायला सवड मिळते. झाडासोबत आलेले जुने पिचर्सही पिशवीत जास्त टिकतात, हे मी स्वतः पाहिलंय. ज्याला झाड आल्याआल्या पाहुण्यांना दाखवायचंय, त्याच्यासाठी हा मुद्दा छोटा नाही.

पण मला ज्या गोष्टीने वैताग आणला ती पिशवीत घालणं नव्हे, पिशवीतून काढणं.

बंद पिशवीत आलेलं पान बघा. फिकट हिरवं, मऊ, हाताला ओलसर लागणारं. डब्यात गरम पोळ्या कोंडल्या की जशा पडतात, तसंच काहीसं. त्या दमटपणात वाढलेल्या पानावरचा मेणचट थर पातळ राहतो आणि पाणी उडू लागलं तर छिद्रं झटकन मिटायची सवयही त्याला नसते. पिशवी उघडली की पहिली तक्रार तेच करतं. सकाळी सगळं ठीक दिसतं. दुपारी बघावं तर ताज्या पिचरच्या झाकणाची कड चुरगळलेली, आणि ताण्याच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी जी नवी कळी असते, तिचं टोक तपकिरी. की परत बांधा पिशवी. मग एक भोक पाडा, दोन दिवसांनी दुसरं पाडा. थोडक्यात, झाडाला एकदा पिशवीची सवय करायची आणि मग घराची. म्हणजे रुळवणं दोनदा.

त्यात हे सगळं करायला दिवसा कोणीतरी घरी लागतं. सकाळची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या माणसाने दुपारी पिशवी उघडायची कधी? आमच्याकडे हे काम आईकडे गेलं. ती एक दिवस म्हणाली, “अरे, हे झाड आहे की आयसीयूतला पेशंट?” आणि ऑक्टोबरात खिडकीवर तासभर जरी तिरपं ऊन आलं, तरी बांधलेली पिशवी आतून भट्टीसारखी तापते. पावसाळ्यात वेगळाच त्रास: आत थेंब साचतात, झाड दिसत नाही, आणि सुकत चाललेल्या जुन्या पिचरवर राखाडी बुरशीची लव धरते. पिशवी उघडताच कुबट वास आला, तर आत ती आहेच समजा.

आता ग्रिलचं. इथे जुने पिचर्स जातात, हे आधीच मनाशी धरा. वरून खाली वाळत येतात, आठवडा-दोन आठवडे झाड अगदी बिचारं दिसतं. हिरवा भाग असेपर्यंत कापू नका, तो अजून झाडाच्या कामाचा असतो. प्रवासात आतला रस सांडला असेल तर तळाशी थोडं शुद्ध पाणी घालता येतं. काठोकाठ भरायची गरज नाही. पण लक्ष पिचरवर ठेवूच नका, मधल्या शेंड्याकडे बघा. नवं पान जाडसर, जरा लालसर, कडक निघालं की काम झालं. ते पान याच हवेत जन्मलेलं असतं, त्याला नंतर कसलीच सवय लावावी लागत नाही. माझ्याकडे ग्रिलमधल्या झाडाने पहिलं पिचर पिशवीतल्यापेक्षा उशिरा धरलं, पण धरलं ते महिनोन्महिने टिकलं. पिशवीतलं लवकर आलं आणि बाहेर काढल्यावर वाळलं. मोजमाप करून काढलेला निष्कर्ष नाही हा, माझ्या खिडकीतला अनुभव आहे. तुमची खिडकी वेगळी असेल.

शिवाय मुंबईची हवा वर्षातला बराच काळ हे पिशवीचं काम फुकटात करते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमटपणा विकत आणायची गरजच नसते. त्या दिवसांत मी तरी पिशवीला हात लावणार नाही. अडचण येते डिसेंबर ते मार्चमध्ये, जेव्हा जमिनीवरून कोरडा वारा सुटतो. मार्चात तर समुद्राचा वारा यायला दुपार उलटली, की पारा एकदम वर जातो आणि हवेतला ओलावा पडतो. तेव्हा घेतलेल्या रोपाला पिशवी बांधलीत तर मी नाही म्हणणार नाही. पण तेव्हाही तोंड न बांधता पिशवी नुसती सैलसर वरून घाला. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, बोटभर रोपं असतील तर मात्र वाद नको, त्यांना झाकणाचा पारदर्शक डबाच हवा.

पश्चिमेची खिडकी असेल तर ग्रिलवर शेडनेट लावा. पूर्वेचं सकाळचं ऊन थेट आलं तरी चालतं. एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर ग्रिलचा सगळा हिशेब विसरा, तिथली हवा फार कोरडी.

पाण्याचं सगळ्यांना माहीत असतं, तरी एक सांगतो. पालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे क्षार तसे कमी. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर तेच पाणी कुंडीत हळूहळू क्षार साठवतं. आरओचं किंवा पावसाचं पाणी त्यापेक्षा बरं. कुंडी बशीतल्या पाण्यात उभी करू नका, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणार असाल तर ते दोन-तीनदा धुऊन घ्या. खत कुंडीत नको म्हणजे नकोच.

ठरत नसेल, तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला विचारा: रोप बंद ग्रीनहाउसमध्ये वाढलंय की उघड्या शेडनेटखाली? शेडनेटखालचं असेल तर ते बाहेरच्या हवेत आधीच रुळलेलं आहे, त्याला पिशवीत घालून मऊ करण्यात अर्थ नाही. ग्रीनहाउसचं असेल आणि महिना जानेवारीचा असेल, तर पिशवी तयार ठेवा.