नवशिक्यांना क्रीचरच्या क्षमता समजावताना: ‘मॅजिक’च्या बिगिनर बॉक्सचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा १९९३ साली आलेला कार्डांचा खेळ नव्या खेळाडूंना शिकवण्यासाठी मी गेले काही महिने ‘फाउंडेशन्स’ मालिकेतला बिगिनर बॉक्स वापरत आहे. ही मालिका २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. बॉक्समध्ये प्रत्येकी वीस कार्डांचे दहा गठ्ठे आहेत. मांजरांचा आणि व्हॅम्पायरांचा असे दोन गठ्ठे ठरावीक क्रमाने लावलेले असून सोबतच्या पुस्तिकेत पाहत एकेक चाल खेळायची असते. त्यानंतर कोणतेही दोन गठ्ठे एकत्र पिसले की चाळीस कार्डांचा डेक तयार होतो. पहिला डाव खेळता येण्यापुरते शिकायचे असेल तर हा बॉक्स उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र क्रीचरच्या, म्हणजे मैदानात उतरून हल्ला करणाऱ्या आणि अडवणाऱ्या कार्डांच्या, क्षमता नीट कळाव्यात ही अपेक्षा असेल तर शिकवणाऱ्याला स्वतःची भर घालावी लागते, आणि ती कोठे घालावी लागते हे वापरातूनच लक्षात येते.

बहुतेक साध्या कार्डांवर क्षमतेच्या नावापुढे कंसात, तिरप्या अक्षरांत तिचा अर्थ दिलेला असतो. फ्लाइंग असलेल्या क्रीचरला फ्लाइंग किंवा रीच असलेलेच क्रीचर अडवू शकते, ही ओळ वाचली की नियम कळतो. तरीही नवा खेळाडू हमखास विचारतो की, उडणाऱ्या क्रीचरने जमिनीवरच्या क्रीचरला अडवले तर चालेल का. चालते, पण ती ओळ केवळ हल्ल्याबद्दल बोलते, बचावाबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. रीचचेही तसेच आहे: रीच असलेले क्रीचर उडणाऱ्याला अडवू शकते, परंतु ते स्वतः हल्ल्याला निघाले तर त्याला कोणीही अडवू शकते.

म्हणून क्षमतांची यादी पाठ करून घेण्याऐवजी त्या लढाईच्या कोणत्या क्षणी कामाला येतात, त्या क्रमाने शिकवणे मला सर्वांत उपयोगी वाटले. हल्ला जाहीर करताना हेस्ट (उतरल्याच पाळीत हल्ल्याची मुभा), डिफेंडर (हल्ल्याला मनाई) आणि व्हिजिलन्स (हल्ला करूनही टॅप न होणे) पाहायचे. अडवणारे ठरवताना फ्लाइंग, रीच आणि मेनेस (एकट्या क्रीचरला अडवता न येणे). नुकसान देताना फर्स्ट स्ट्राइक (इतरांच्या आधी नुकसान देणे), ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेले नुकसान खेळाडूला देणे), डेथटच (कितीही थोडे नुकसान प्राणघातक ठरणे) आणि लाइफलिंक (दिलेल्या नुकसानीइतके लाइफ मिळणे). ही विभागणी एकदा डोक्यात बसली की अनोळखी कार्ड हातात आल्यावर ‘याचे काम केव्हा?’ हा प्रश्न खेळाडू स्वतःच विचारू लागतो.

पहिल्या टप्प्यातल्या हेस्ट आणि डिफेंडर यांना फारसा वेळ लागत नाही. एवढेच बजावून सांगावे लागते की, नुकतेच मैदानात उतरलेले क्रीचर त्या पाळीत हल्ला करू शकत नसले तरी प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत अडवू नक्कीच शकते. व्हिजिलन्सला मात्र नवशिके कमी लेखतात. याचे कारण असे की, तिचा फायदा आपल्या पाळीत दिसत नाही. सेरा एंजल हे ४/४ चे, म्हणजे चार नुकसान देणारे आणि चार नुकसान झाल्यावर मरणारे, कार्ड घ्या: फ्लाइंग आणि व्हिजिलन्स. ती हल्ला करते, तरी टॅप होत नाही, म्हणजे कार्ड आडवे करावे लागत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी हल्ल्याला येतो तेव्हा तीच उभी राहून अडवते. हे पुढच्या पाळीपर्यंत खेळून दाखवल्याशिवाय पटत नाही. याच कार्डावर १९९३ मध्ये ही गोष्ट पूर्ण वाक्यात छापलेली होती आणि व्हिजिलन्स हे नाव २००४ मध्ये आले, हे सांगितल्यावर नव्या खेळाडूंना धीर येतो, कारण ज्या शब्दाला ते बिचकतात तो एका वाक्याचा संक्षेप आहे हे त्यांना दिसते.

खरा कस तिसऱ्या टप्प्यात लागतो. कोलोसल ड्रेडमॉ हे ६/६ चे, ट्रॅम्पल असलेले क्रीचर हल्ला करते आणि समोरून टायफॉइड रॅट्स हे १/१ चे, डेथटच असलेले क्रीचर त्याला अडवते. उंदरांना मारायला एक नुकसान पुरते, म्हणून उरलेले पाच थेट खेळाडूला बसतात. परंतु डेथटचमुळे उंदरांचे एकच नुकसान ड्रेडमॉलाही पुरते आणि दोन्ही क्रीचर मरतात. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या खेळाडूला देतो, कारण यात मोठा आकडा म्हणजे सुरक्षितता हा समज एका फटक्यात मोडतो. मग त्याच ड्रेडमॉला फर्स्ट स्ट्राइक मिळाला असे धरायचे: नुकसानीची पायरी एकाऐवजी दोनदा येते, पहिल्या पायरीतच उंदीर संपतात आणि त्यांना उलटून मारण्याची संधीच मिळत नाही. शेवटी डेथटच ड्रेडमॉकडे द्यायचा आणि समोर ४/४ चे क्रीचर ठेवायचे. अडवणाऱ्याला एकच नुकसान दिले तरी ते प्राणघातक ठरत असल्यामुळे पाच नुकसान खेळाडूकडे वळवता येते. ट्रॅम्पलची कंसातली ओळ आणि डेथटचची कंसातली ओळ शेजारी ठेवून वाचल्या तरी हा निष्कर्ष आपोआप हाती लागत नाही. शिकवणाऱ्याची गरज नेमकी येथे आहे.

लाइफलिंकच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आहे. व्हॅम्पायर नाइटहॉक हे २/३ चे कार्ड फ्लाइंग, डेथटच आणि लाइफलिंक या तिन्ही क्षमता बाळगून असल्यामुळे उजळणीसाठी ते मला फार सोयीचे वाटते. माझ्याकडे दोनच लाइफ उरलेले आहे; ते शून्यावर आले की खेळाडू हरतो. प्रतिस्पर्ध्याची दोन क्रीचर चाल करून येतात. एकाला नाइटहॉक अडवतो आणि दुसऱ्याचे तीन नुकसान मला बसते. मी हरलो का? नाही. नाइटहॉकच्या नुकसानीबरोबर, त्याच क्षणी, दोन लाइफ मिळते, आणि हरण्याची तपासणी त्यानंतर होते. मी एका लाइफवर तगून राहतो. जुन्या खेळाडूंशी यावर कधी वाद झाला तर त्याचेही कारण आहे: २००९ मध्ये नियम बदलेपर्यंत लाइफ मिळणे नुकसानीच्या मागून येत असे आणि याच परिस्थितीत डाव गेला असता.

बॉक्सबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवतो. कंसातल्या त्या ओळीची सवय लागते, आणि पुढे दुर्मीळ कार्डांवर ती बऱ्याचदा नसते. त्यामुळे काही डाव झाल्यावर मी खेळाडूंना ओळीवर बोट ठेवून झाकायला आणि अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. ज्याला सांगता येतो त्याला दोन गठ्ठे पिसून मोकळे खेळू द्यावे. ज्याला येत नाही त्याच्याबरोबर मांजरे आणि व्हॅम्पायर यांचा डाव पुन्हा खेळायला हरकत नाही, कारण कार्डांचा क्रम ठरलेला असल्याने त्याचे सगळे लक्ष क्षमतांवर राहते. हेक्सप्रूफ (प्रतिस्पर्ध्याला लक्ष्य म्हणून निवडता न येणे) आणि इंडिस्ट्रक्टिबल (नष्ट करता न येणे) मात्र मी मुद्दाम मागे ठेवतो. हेक्सप्रूफ असलेले क्रीचर ‘सर्व क्रीचर नष्ट करा’ म्हणणाऱ्या कार्डाने का मरते आणि इंडिस्ट्रक्टिबल असलेले टफनेस (क्रीचरचा दुसरा आकडा) शून्यावर आल्यावर का जाते, हे समजायला आधी लक्ष्य निवडणे आणि नष्ट करणे यांतला फरक अंगवळणी पडावा लागतो, आणि तो पहिल्या काही डावांत पडत नाही.