इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांची चित्रकार्डं : पहिलीच्या वर्गात वर्षभर वापरल्यावर

मी मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, पण माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या कानावर ते फक्त शाळेतच पडतं. म्हणून जूनमध्ये विरुद्धार्थी शब्दांच्या चित्रकार्डांचा संच घेतला. एका कार्डावर एक चित्र, खाली शब्द, आणि जोड्या लावायच्या. आता वर्ष संपत आलंय. हा किंवा असा संच घेऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

छपाई ठसठशीत आहे, कार्ड जाड आहे. कोपरे फुगलेत, पण फाटलं एकही नाही.

खरी कसोटी चित्रांची. संचातली सगळ्यात उत्तम जोडी फुल आणि एम्प्टी. दोन्हीकडे ग्लास तोच. एकात काठोकाठ पाणी, दुसऱ्यात थेंबही नाही. कार्डं फळ्याला टेकवून ठेवली, तर एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, पाणी कुणी प्यायलं?" काय बदललं ते तिला चित्रातच दिसलं होतं. मला मराठीत अर्थ सांगावाच लागला नाही. मधल्या सुट्टीत खिचडी संपल्यावर मुलं ताटं पुढे करून "एम्प्टी, एम्प्टी" म्हणायला लागली. वेट-ड्राय ही जोडीही तशीच जमलीय : तोच शर्ट, एकदा निथळणारा आणि एकदा वाळलेला.

हॉट-कोल्ड मात्र फसलंय. हॉटला चहाचा कप, कोल्डला आइस्क्रीम. हॉटचं कार्ड वर केलं की वर्ग एका सुरात "टी!" म्हणतो. या वयाची मुलं नवा शब्द आधी वस्तूला चिकटवतात. त्यामुळे वस्तूच वेगळ्या असल्या तर फरक नेमका कशातला, हे त्यांना कळणार कसं? दोन्हीकडे पाण्याचाच ग्लास हवा होता, एकातून वाफ निघणारा आणि दुसऱ्यात बर्फाचे खडे असलेला. मी शेवटी तसं काढून घेतलं.

बिग-स्मॉलमध्ये तर हत्तीही कार्डभर आणि मुंगीही कार्डभर! मुलांनी मुंगीलाही बिग म्हटलं आणि चित्र बघता ते बरोबरच होतं. मग मी जुन्या कॅलेंडरमधलं मांजर कापून घेतलं. ते हत्तीशेजारी ठेवलं की स्मॉल, मुंगीशेजारी ठेवलं की बिग. हा खेळ मुलांना फार आवडला. लहान-मोठं हे कुणाच्या तरी तुलनेत ठरतं, हे त्यातून आपोआप पोचलं. ओपन-शटचं तसं नाही. दार एक तर उघडं नाहीतर बंद. अशा जोड्या मुलं पटकन उचलतात, म्हणून सुरुवात त्यांनी करावी.

पुश-पुलसाठी कार्डं वापरूच नका. स्थिर चित्रात ढकलणं आणि ओढणं सारखंच दिसतं. बाक सरकवून दाखवला की दोन मिनिटांत काम होतं. हेवी-लाइटलाही पाण्याने भरलेली आणि रिकामी बाटली हातात द्यावी.

फॅट-थिनची जोडी मी पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवली. गुबगुबीत मुलाचं चित्र दाखवल्यावर सगळ्या माना वर्गातल्या एकाच मुलाकडे वळल्या. तोच फरक जाड आणि पातळ वही ठेवून थिक-थिनने दाखवता येतो. एखाद्या लेकराचा जीव त्यासाठी कशाला दुखवायचा? प्रकाशकांनी ही जोडी संचातून काढूनच टाकावी, असं मला मनापासून वाटतं.

संचासोबतच्या पत्रकात दोन्ही शब्द एकाच तासाला शिकवा असं लिहिलंय. मला ते पटत नाही. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन यांनी २००० सालच्या एका लेखात मांडलंय की, विरुद्धार्थी शब्द एकदमच नव्याने शिकवले तर त्यांची सरमिसळ होते आणि शिकणं अवघड जातं. वर्गातही तेच दिसतं. लाँग आणि शॉर्ट एका दिवशी दिले की दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्ही शब्द आठवतात, पण कुठला कशाचा ते सांगता येत नाही. आता मी आठवडाभर लाँगच घेते : लाँग दोरी, लाँग वेणी, लाँग रांग. ते पक्कं झालं की शॉर्टचं कार्ड बाहेर काढते. जोड्या लावण्याचा खेळ त्यानंतर, उजळणी म्हणून. तेव्हा हीच कार्डं फार उपयोगी पडतात.

घ्यायचा असेल तर दुकानात डबा उघडून बघा. दोन्ही कार्डांवर वस्तू तीच आहे अशा जोड्या निम्म्याहून जास्त असतील तर जरूर घ्या. नसतील, तर जाड पुठ्ठा आणि स्केचपेनं आणून आठ-दहा जोड्या स्वतः काढा. चित्रकला साधी असली तरी चालते, फक्त बदल एकाच गोष्टीत दाखवा.