नाल्यावरची जुनी दुर्बीण: साडेतीन तारे

जुन्या बाजारातून नऊशेला घेतली. विकणारा बाराशेवर अडून होता. कंपनीचं नाव घासून गेलंय, नुसतं ८×४० एवढं वाचता येतं. म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. काच मोठी असल्यामुळं उजाडताना, प्रकाश कमी असतानाही चित्र काळवंडत नाही. पैसे वसूल झाले ते इथंच.

मी ३१ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा, होतो. डॉक्टरांनी चालायला लावलं, आणि घराजवळ सपाट वाट एकच, नाल्याकडेची. हा नाला पुढं सोलापूरच्या आदिलेला मिळतो. हिप्परग्याच्या तलावाकडून येऊन सीनेकडं जाते ती नदी. आमच्या लेखी नाला म्हणजे डाइंगचं पाणी. टॉवेलचा लॉट हिरवा निघाला की पाणी हिरवं, लाल निघाला की लाल. मी दुर्बीण गळ्यात अडकवून निघालो तेव्हा घरात सगळे हसले.

पहिल्याच सकाळी गाळात काळे-पांढरे पक्षी दिसले, पाय काडीसारखे लांब आणि चक्क गुलाबी. मला वाटलं, यांच्या पायांना डाइंगचा रंग चढलाय! नातवानं मोबाईलवर शोधून सांगितलं, "आजोबा, ते शेकाटे. पाय तसेच असतात त्यांचे." मोजले तर २३ निघाले. इतके का, तेही पुढं कळलं. सांडपाण्याच्या गाळात लाल अळ्या असतात, हवा कमी असली तरी त्या जगतात, आणि शेकाट्यांना तेच खाणं मिळतं. तेव्हा पक्षी दिसले म्हणून पाणी सुधारलं असं कुणी समजू नये. वास अजूनही तोच आहे.

त्यानंतर खंड्या, शेपटी हलवणारा धोबी, पाणकणसात लपणारी पाणकोंबडी, आणि एकदा पाइपच्या तोंडाशी ऊन खात पडलेली पाणदिवड. पुलावरून एक पोरगा ओरडला, "काका, काय बघताय वो? घाणीत काय हाय?" दुर्बीण दिली हातात. पंधरा मिनिटं परत देईना.

आता दोष. चार-पाच मीटरच्या आतलं काही स्पष्ट दिसत नाही. रुईवर बिबळ्या कडव्याची पट्ट्यापट्ट्याची अळी असते, ती बघायला दुर्बिणीचा उपयोग शून्य. तिथं माझी कामावरची पितळी पिक ग्लास बाहेर निघाली, इंचात धागे किती ते मोजायची. माक्याचं पांढरं फूल तिच्याखाली ठेवून बघा, एक नाही, बारक्या फुलांचा घोसच आहे तो. पाणकणसाचा कापूसही बघितला. सवयीनं बोटात वळून पाहिला, पीळ धरत नाही. तंतू आखूड आणि गुळगुळीत, सूत निघायचं नाही. बेशरमाच्या फुलांचा रंग मात्र आमच्या कुठल्याही रंगमास्तरला जमला नसता, झाड बाहेरदेशातलं आणि पसरखोर असलं तरी.

दुसरा दोष, पावसाळी हवेत आतून वाफ धरते. तिसरा, मूळचा पट्टा आठवड्यात तुटला. आता चादरीच्या काठाची पट्टी शिवून लावलीय, ती छान चाललीय.

जुनी घ्यायची तर दुकानातच दोन गोष्टी करा. मोठ्या काचेतून बॅटरी मारून आत बुरशीचं जाळं आहे का बघा. मग दोन्ही डोळ्यांनी लांबचा विजेचा खांब बघा. एकाचे दोन दिसले किंवा कपाळ दुखायला लागलं तर भिंगं सरकलीत, फुकट दिली तरी घेऊ नका. माझी यात पास झाली. अर्धा तारा वाफेसाठी कापला, एक जवळचं दिसत नाही म्हणून. बाराशेला घेतली असती तर आणखी अर्धा कापला असता.