कॉम्बी बॉयलरचे चौदा महिने: काटा, काळं पाणी आणि पायपंप

गेल्या वर्षी ऑक्टोबरात जुना बॉयलर काढून नवा कॉम्बी बसवला, म्हणजे घर तापवायचं आणि नळाला गरम पाणी द्यायचं अशी दोन्ही कामं करणारा गॅसचा बॉयलर. घर इंग्लंडात, रेडिंगला, १९३०च्या दशकातलं. रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारी भिंतीवरची पोलादी पाटं) अकरा, त्यातले निम्मे आमच्या आधीच्या मालकाच्याही आधीचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेलच.

पहिले तीन आठवडे सुखाचे. मग एका सकाळी अंघोळीला गेलो तर पाणी गार आणि बॉयलरचा दाबाचा काटा ०.४ बारवर (बार हे दाबाचं माप). सिस्टीम थंड असताना तो १ ते १.५च्या मध्ये हवा, असं पुस्तिका सांगते. खाली लोंबणाऱ्या फिलिंग लूपचे, म्हणजे सिस्टीममध्ये नळाचं पाणी भरायच्या नळीचे, दोन्ही व्हॉल्व्ह उघडले, सूं आवाज करत पाणी भरलं, १.३ला बंद केले, रीसेट दाबलं. चालू! मी खूश. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुढे तर नेमच झाला: उठलं की आधी काटा, मग चहा.

तेव्हा आई आली होती. ‘आमच्या बंबाची नव्हती बाई असली नाटकं,’ म्हणाली. खरंय, पण बंब मोकळा असतो, पाणी फुगलं तरी त्याला वर जागा असते. इथे पाणी नळ्यांत कोंडलेलं. तापलं की ते दोन-तीन टक्के फुगतं. आमच्या घरात सगळं मिळून शंभरेक लिटर असेल, म्हणजे दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी मावायला हवं. त्यासाठी बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचा डबा असतो. मध्ये रबरी पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. हवा दबते, पाण्याला जागा होते.

माझी चूक अशी, की मी काटा फक्त सकाळी बघत होतो. एकदा संध्याकाळी, हीटिंग दोन तास चाललेलं असताना सहज नजर गेली, तर २.९! आता ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून निघून जातं. त्या रात्री नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी सैलसर अडकवली (घट्ट बांधू नका, नळी बंद होता कामा नये). सकाळी पिशवीत चांगलं कपभर पाणी. बसवणारा मात्र ‘गळती जमिनीखाली आहे, फळ्या उचकटाव्या लागतील’ यावरच अडून बसला होता. त्याला रामराम केला.

दुसरा, ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेला माणूस बोलावला. त्याने आधी सिस्टीमचा दाब शून्यावर आणला, मग व्हेसलच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. गाडीच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. तिथून पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला. आली नुसती हवा, तीही जेमतेम. त्याने व्हॅनमधून चक्क पायपंप आणला आणि व्हेसलमध्ये ०.९ बार हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला; तो वारंवार उघडला की त्याच्या मिटायच्या जागी कचरा अडकतो आणि मग उगाचच ठिबकत राहतो. तेव्हापासून थंड असताना १.३, तापल्यावर १.८. नुसता सकाळचा आकडा बघून काही कळत नाही, थंड आणि गरम यांत काटा किती चढतो ते बघा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. जानेवारीत बॉयलर किटलीसारखा खदखदायला लागला. पाच मिनिटं चालायचा, ओव्हरहीटचा कोड दाखवून बंद पडायचा. गंमत म्हणजे बॉयलर तापून लाल आणि आम्ही स्वेटर घालून. खालच्या मजल्यावरचे रेडिएटर वर गरम, तळाशी गार. वर गार असता तर हवा अडकलीय म्हणायचं, चावीने सोडायची. तळाशी गार म्हणजे गाळ.

त्याच माणसाने मॅग्नेटिक फिल्टर उघडला. आतल्या चुंबकावर काजळासारखा काळा चिखल, बोटाला लागला तो दोन दिवस निघाला नाही. हा रेडिएटरच्या पोलादाचा गंज. तो वाटेत साचला की पाणी हळू फिरतं, पेटलेल्या बर्नरची उष्णता वेळेत पुढे जात नाही, तिथल्या तिथे पाणी उकळायला लागतं आणि सेन्सर बॉयलर बंद करतो. तेच त्याचं काम आहे. नवा बॉयलर लावताना जुन्या नळ्या धुवायला हव्या होत्या, त्या धुतल्याच नव्हत्या. त्यात मी दर दोन दिवसांनी ताजं पाणी, म्हणजे ताजा ऑक्सिजन, आत सोडत होतो. गंजाला खुराकच तो.

पॉवरफ्लश झाला (पंपाने जोरात पाणी फिरवून नळ्या-रेडिएटर धुणं), साडेचारशे पौंड गेले, पाण्यात गंजरोधक इनहिबिटर पडला. तो दिवस आणि आजचा दिवस, ओव्हरहीटचा कोड दिसलेला नाही. फ्लो तापमान, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे निघणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ अंशांवरून ६०वर आणलं. रेडिएटरकडून परतणारं पाणी साधारण ५५च्या खाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थिजवून तिचीही उष्णता वापरणारा) नावाला जागतो. खोल्या तापायला वेळ लागतो खरा, पण बर्नर सारखा पेटत-विझत नाही. हॉलमधल्या रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप मिटणारा) मुद्दाम लावलेला नाही, म्हणजे बाकीचे सगळे मिटले तरी पाण्याला एक वाट राहते.

बॉयलरला पाचपैकी चार. दोन्ही दुखणी त्याची नव्हती, बसवणाऱ्याची होती, म्हणून नाव दिलं नाही. एक गुण कापला तो स्वयंपाकघरातल्या नळाला गरम पाणी यायला लागणाऱ्या वेळेबद्दल. तेवढ्यात फोडणी जळते. आणि बाथरूममधल्या टॉवेल-रेलमध्ये (टॉवेल वाळवायचा रेडिएटर) दर दीड-दोन महिन्यांनी हवा साठते. ती कुठून येते ते सापडेपर्यंत चावी खिडकीतच ठेवलीय.