‘एका क्लिकमध्ये मिक्सिंग’च्या नावाखाली झालेली फसवणूक

चतुर्थीच्या आधीचे दिवस गोव्यातल्या छोट्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंसाठी सर्वांत धावपळीचे असतात. घुमट या मातीच्या तालवाद्यावर होणाऱ्या घुमट आरतीची पथके आणि भजनी मंडळे यांपैकी प्रत्येकाला आपले ध्वनिमुद्रण सण सुरू होण्याआधी यूट्यूबवर हवे असते, आणि मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज जुळवून एकत्र करण्याच्या कामाला, मिळणारा वेळ दरवर्षी कमीच होत जातो. नेमक्या याच दिवसांत ‘एका क्लिकमध्ये मिक्सिंग’ अशा जाहिराती मोबाइलवर वारंवार दिसू लागतात. मी फोंडा परिसरात हेच काम करतो. अशाच एका जाहिरातीतून माझी आणि दिचोलीच्या एका परिचित ध्वनिमुद्रकाची कशी फसवणूक झाली ते येथे तपशिलाने लिहीत आहे, कारण त्या जाहिरातीतली चित्रफीत आता वेगळ्या नावाने पुन्हा फिरते आहे.

देऊ केलेला माल असा होता : चित्रपटसंगीताच्या एका अनुभवी ध्वनितंत्रज्ञाने तयार केलेले शेकडो प्रीसेट (आवाजावर लावायच्या आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंग), भजन, आरती आणि लोकसंगीत यांचे स्वतंत्र फोल्डर, आणि 25,000 रुपयांचा हा संच सवलतीत 4,999 रुपयांना. तो ध्वनितंत्रज्ञ कोण, हे कोठेही सांगितलेले नव्हते. सवलत संपायला उरलेला वेळ दाखवणारे घड्याळ पानावर होते. पान पुन्हा उघडले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. व्हॉट्सॲपवर विक्रेता अत्यंत अदबीने, प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणत बोलत होता. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खाजगी खात्यात भरायचे होते आणि पावती मागितल्यावर ‘डिजिटल मालाला पावती नसते, सर’ असे उत्तर आले. हे उत्तर धादांत खोटे आहे. डिजिटल वस्तूची विक्री करणारा कोणताही प्रामाणिक व्यावसायिक पावती देतो.

जाहिरातीचा सगळा जोर एका चित्रफितीवर होता. तीत एका गायकाचा आवाज आधी प्रीसेटशिवाय आणि मग प्रीसेटसह ऐकवला होता, आणि दुसरा आवाज खरोखरच भरदार, जवळचा आणि स्वच्छ वाटत होता. पुढे मी त्या चित्रफितीतला ध्वनी मोजून पाहिला, तेव्हा प्रीसेट लावलेला भाग आधीच्या भागापेक्षा सुमारे 6 डेसिबलने मोठा निघाला. माणसाचा कान मोठ्या आवाजात खर्ज आणि तार दोन्हीकडचे स्वर तुलनेने अधिक ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे दोन सारख्याच ध्वनींपैकी मोठा ध्वनी जवळजवळ नेहमीच अधिक चांगला वाटतो. दोन्ही भागांची पातळी सारखी करून ऐकल्यावर प्रीसेटचा आवाज कर्कश आणि दबलेला होता, आणि प्रीसेट नसलेला आवाज अधिक गोड होता. विक्रीची सगळी जादू एवढ्या एका युक्तीवर उभी होती. म्हणून प्रीसेट, प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) किंवा मास्टरिंगची (तयार गाण्यावरच्या अखेरच्या संस्काराची) सेवा यांच्या अशा कोणत्याही तुलनेवर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन्ही नमुन्यांची पातळी स्वतः सारखी करून ऐकावी. लाउडनेस मोजणारे मीटर मोफत मिळतात आणि या तपासाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पैसे भरल्यावर एका ड्राइव्हची लिंक आली. मी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरतो आणि रीपरच्या एफएक्स चेनची, म्हणजे एका ट्रॅकवर लावलेल्या प्लगइनच्या साखळीची, फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडता येते. ‘गोल्ड व्होकल’, ‘मंदिर व्होकल’ आणि ‘भक्ती व्होकल’ या तीन फाइली मी शेजारी शेजारी उघडल्या, तर आतला मजकूर अक्षरशः सारखा होता. फक्त फाइलची नावे वेगळी होती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे काही फाइलींमध्ये प्रीसेटच्या नावाच्या ओळीत सॉफ्टवेअरबरोबर मोफत मिळणाऱ्या मूळ प्रीसेटचेच नाव तसेच राहून गेले होते. म्हणजे आमच्या संगणकात आधीपासून असलेली वस्तू नाव बदलून आम्हालाच विकली गेली होती. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल उघडता येत नाही, त्यांनी एकाच ट्रॅकच्या दोन प्रती करून त्यांवर दोन वेगवेगळे प्रीसेट लावावेत, एका प्रतीची पोलॅरिटी उलटी करावी (म्हणजे तिची ध्वनिलहर उलटी होऊन सारखे ध्वनी एकमेकांना पुसून टाकतात) आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. पूर्ण शांतता पसरली, तर दोन्ही प्रीसेट त्या ट्रॅकवर अगदी एकच काम करत आहेत.

लोकसंगीताच्या फोल्डरमध्ये ढोलकी होती, डफ होता. 2019 मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या घुमटासाठी मात्र त्यात काहीही नव्हते. विचारल्यावर विक्रेत्याने ‘डफाचा प्रीसेट लावा, सर, तोच चालतो’ असे सांगितले. घुमट कधी न पाहिलेल्या माणसाचे हे उत्तर होते. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे आणि आता बकऱ्याचे कातडे ताणलेले असते, आणि वादक उजव्या हाताने थाप देताना डाव्या तळहाताने लहान तोंड झाकत-उघडत त्यातला खर्जाचा घुमार कमी-जास्त करतो. त्या वाद्याचा जीव या घुमारात आहे. डफाच्या प्रीसेटमध्ये 120 हर्ट्झखालचा सगळा ध्वनी कापलेला होता आणि त्याशिवाय ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे गेट लावलेले होते. परिणाम असा झाला, की तळहात उघडल्यावर जो स्वर हळूहळू विरत जायला हवा, तो मध्येच तुटू लागला आणि मागे फक्त कोरडी थाप उरली. पथकातल्या ज्येष्ठ वादकांनी ते ऐकून ‘हे डबा वाजवल्यासारखे वाटते’ असे म्हटले, आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

गायकाच्या ट्रॅकची अवस्था याहून वाईट झाली. आरतीचे ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा देवळाच्या सभामंडपात, सगळे एकत्र उभे राहून होते, त्यामुळे गायकाच्या मायक्रोफोनमध्ये घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि विशेषतः कासाळे (झांजा) यांचे आवाज शिरलेले असतातच. विकत घेतलेला प्रीसेट बंद खोलीत एकट्याने गायलेल्या आवाजासाठी होता; त्यात 10 किलोहर्ट्झच्या वरचा भाग बराच उचललेला होता आणि पुढे जोरकस कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारे साधन) होता. त्यामुळे गायक श्वास घ्यायला थांबला रे थांबला, की कासाळ्यांचा खणखणाट उसळून वर येत असे. शिवाय कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वरचा आवाज तो दाबतो ती मर्यादा, ठरलेल्या पातळीवर बांधलेला असतो. ट्रॅक हळू आवाजात मुद्रित झाला असेल तर तो काहीच करत नाही, आणि मोठ्या आवाजात झाला असेल तर अखंड दाबत राहतो. आपला ट्रॅक कोणत्या पातळीवर आहे हे प्रीसेटला कळण्याचा मार्गच नाही, म्हणून ‘कोणत्याही आवाजावर चालतो’ हा दावा तांत्रिकदृष्ट्याच अशक्य आहे.

शेवटी लावायचा ‘मास्टर’ प्रीसेट सगळे गाणे एवढे दाबत होता, की लाउडनेस उणे 7 एलयूएफएसपर्यंत जात होता (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक; शून्याच्या जितके जवळ तितका आवाज मोठा). यूट्यूब साधारण उणे 14च्या वरचा ध्वनी स्वतःच खाली आणते. म्हणजे मोठेपणा तेथे टिकत नाहीच, पण दाबताना गेलेली थापेची धार मात्र परत येत नाही.

येथवरचे नुकसान पैशांचे आणि वेळेचे होते. संचातले बरेच प्रीसेट महागड्या प्लगइनवर चालणारे होते, आणि ही गोष्ट विक्रीपूर्वी सांगितलेली नव्हती. त्यावर विक्रेत्याने ‘भेट’ म्हणून त्या प्लगइनच्या चोरट्या प्रतींची लिंक पाठवली आणि त्या टाकताना संगणकातला अँटिव्हायरस बंद ठेवण्याची सूचना दिली. मी त्या टाकल्या नाहीत. दिचोलीच्या परिचिताकडे दुसऱ्या दिवशी काम द्यायचे होते, म्हणून त्यांनी टाकल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या जीमेल खात्यात अनोळखी ठिकाणाहून प्रवेश झाला आणि मंडळांची भजने असलेले त्यांचे यूट्यूब चॅनेल त्यांच्या ताब्यातून गेले. अशा प्रतींसोबत येणारे चोरटे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकी उचलतात. चालू लॉग-इनची कुकीच हाती लागली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही असूनही खाते उघडते. एखाद्या वयोवृद्ध बुवांचे अखेरचे गायन त्या चॅनेलवर असेल आणि मूळ फाइली जपलेल्या नसतील, तर ते नुकसान कोणत्या रकमेने भरून निघणार? ज्या संगणकावर लोकांचे ध्वनिमुद्रण असते, त्यावर अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्याशी पुढचा एकही शब्द बोलू नये.

तयार साधने मुळातच वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. आलेला ध्वनी आधी ऐकून त्याप्रमाणे मांडणी सुचवणारी प्लगइन 2016 पासून बाजारात आहेत आणि सुरुवात करून देण्यापुरती ती उपयोगी पडतात. त्यांच्या निर्मात्या कंपन्या चाचणीसाठी काही दिवस मोफत वापरू देतात, पावती देतात आणि परवाना आपल्या नावावर करतात. रीपरचा परवानासुद्धा 60 दिवस वापरून पाहिल्यावर घेता येतो. माझ्या कामाचा वेळ खऱ्या अर्थाने वाचला तो स्वतः बांधलेल्या टेम्प्लेटमुळे, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी वापरायच्या तयार आराखड्यामुळे : घुमट, शामेळ, कासाळे, पेटी, मुख्य गायक आणि कोरस यांचे ट्रॅक व बस (अनेक ट्रॅक एकत्र आणणारे मार्ग) आधीच मांडलेले, रिव्हर्ब (घुमणाऱ्या जागेचा परिणाम) आधीच जोडलेला, आणि प्रत्येक ट्रॅकची पातळी सर्वप्रथम सारखी करून घेण्याची सवय. घुमटाची सेटिंग मी वादकांना शेजारी बसवून ठरवली आणि ती जपून ठेवली आहे. कोणाला हवी असल्यास मी ती विनामूल्य देईन, मात्र तुमच्या घुमटाला आणि तुमच्या सभामंडपाला ती बदलून घ्यावीच लागेल.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने ‘माल पोहोचला आहे’ एवढे लिहून माझा क्रमांक ब्लॉक केला. बँकेने व्यवहार मीच मंजूर केलेला असल्याचे कळवले. त्यानंतर 1930 या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तेथे यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, विक्रेत्याचा यूपीआय आयडी, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट लागतात. म्हणून वाद सुरू होताच, समोरच्याने संदेश पुसण्यापूर्वी, ते सगळे जपून ठेवावे. 1930 वर फोन जितका लवकर जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवण्याची शक्यता अधिक असते. ज्यांनी चोरट्या प्रती टाकल्या असतील, त्यांनी तो संगणक इंटरनेटपासून तोडावा, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलून सगळीकडचे चालू लॉग-इन बंद करावेत आणि मगच तो संगणक नव्याने फॉरमॅट करावा. दिचोलीच्या परिचितांनी हे सगळे केले असून चॅनेल परत मिळवण्याचा अर्ज दिला आहे. माझी तक्रार अद्याप प्रलंबित आहे. याच विक्रेत्याला पैसे भरलेल्या इतरांनीही आपापली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी, म्हणजे एकाच यूपीआय आयडीवरच्या अनेक तक्रारी तपास करणाऱ्यांसमोर एकत्र येतील.