काळं नख: मुका मार की मेलानोमा?

कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल, त्यामुळे काळ्या पडलेल्या अंगठ्याचं कुणाला नवल नाही. शाहू स्टेडियमवरच्या पोरांना विचारा, "बूट लागला" म्हणतील. बहुतेकदा ते खरंच असतं.

माराने साकळलेलं रक्त सुरुवातीला ठणकतं. डाग जांभळट असतो आणि मुख्य म्हणजे नखाबरोबर पुढे सरकतो. मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून अंगठा साफ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

मेलानोमा, म्हणजे रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सुरुवातीला सहसा दुखत नाही. मुळापासून टोकापर्यंत तपकिरी-काळा उभा पट्टा येतो, रुंदावतो, पण सरकून जात नाही. पुढे नख चिरतं. रंग बाजूच्या कातडीवर उतरला तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर निरुपद्रवी पट्टे असतात. मोठ्या वयात एकाच नखावर नवा आला, तर मात्र दाखवाच.

"हा गोऱ्यांचा, उन्हाचा आजार" हा समज फार घात करतो. आपल्यासारख्या कातडीत तो जास्त करून तळव्यांवर आणि नखांखाली होतो, जिथे ऊन पोचतही नाही. जमैकाचा फुटबॉलवेडा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली मेलानोमाच निघाला. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी तो गेला.

मार आठवत असेल, तर नखाचा फोटो काढून ठेवा आणि महिन्याने ताडून बघा. डाग तिथंच असेल तर थांबू नका. निकाल बायोप्सीच, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणीच, देते.