इंग्रजी संभाषण वर्गातील चुकांच्या शब्दांचा पाठ: एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या इंग्रजी संभाषण वर्गात चुका आणि फसलेली कामे यांसाठीच्या बोलीतील शब्दांवर स्वतंत्र पाठ घेतला जातो, आणि पुण्या-नागपूरला नोकरीसाठी निघालेल्या मुलामुलींच्या दृष्टीने संपूर्ण अभ्यासक्रमात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. शाळेत ‘मिस्टेक’ आणि ‘एरर’ एवढेच शिकलेल्या मुलाला वरिष्ठांच्या निरोपातील ‘गूफ-अप’, म्हणजे वेंधळेपणाची चूक, हा शब्द वाचून आपल्यावर नेमका किती ठपका आला आहे, हे उमगत नाही.

सर अर्थ आधी सांगत नाहीत, प्रसंग मांडतात. कृषी केंद्राच्या बिलावर शेतकऱ्याच्या नावातील एक अक्षर चुकले, तर तो ‘टायपो’. जमिनीत पुरेशी ओल नसताना पहिल्याच सरीवर सगळे वावर पेरून टाकले आणि दुबार पेरणीची पाळी आली, तर तो ‘ब्लंडर’, म्हणजे आपली घोडचूक. फवारणीचा पंप दुरुस्त करायला घेतला आणि होता तोही निकामी करून ठेवला, तर ते काम ‘बॉच’ केले, म्हणजे त्याचा विचका केला. ‘ग्लिच’, म्हणजे यंत्रणेतला अचानक आलेला छोटा बिघाड, हा शब्द अमेरिकी अंतराळवीर विजेच्या दाबातील अचानक बदलासाठी वापरत आणि त्यांच्यापैकी जॉन ग्लेन यांनी १९६२ मध्ये तो तसाच समजावून दिला होता, ही माहिती कृषिपंपाच्या मोटारी जळताना पाहिलेल्या वर्गाला लगेच भिडली.

एका बाबतीत मात्र हा पाठ अपुरा आहे. ‘स्नाफू’ (SNAFU) हे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांनी रूढ केलेले आद्याक्षरी रूप असून, परिस्थिती नेहमीसारखीच, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ, असा त्याचा आशय आहे. पण त्यातील चौथे अक्षर मुळात एका शिवीचे होते, हे वर्गात सांगितलेच गेले नाही. ‘स्क्रू-अप’ आणि इंग्लंडकडचा ‘कॉक-अप’ हे घोळ घालण्यासाठीचे शब्दही असेच इतरांबरोबर शिकवून टाकले. ते तिकडे सहकाऱ्यांत सर्रास चालत असले, तरी मुलाखतीत नवख्या उमेदवाराच्या तोंडी ते उर्मट वाटतील, याची जाणीव आमच्या मुलांना कोण देणार?

फी माफक आहे, आणि वर्ग शेवटच्या एसटीआधी सुटत असल्यामुळे खेड्यांवरच्या मुलींनाही येता येते. पुढच्या तुकडीच्या टिपणात प्रत्येक शब्दापुढे तो मित्रांत, सहकाऱ्यांत की साहेबांसमोर चालतो, एवढी नोंद संचालकांनी अवश्य करावी. ती होईपर्यंतही मी माझ्या पुतणीला याच वर्गाला पाठवीन.